थरथरत्या हाताची लेन्स

माझा उजवा हात कापतो. लेन्सची गोष्ट इथूनच सुरू करावी लागते, कारण हात धड असता तर पहिल्याच दिवशी लेन्स घेऊन मी मोकळा झालो असतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. फळ्यावर खडूनं एका दमात गोल काढायचो आणि पोरांना म्हणायचो, लावा दोरी, मोजा. पोरं खरंच दोरी लावायची आणि गप खाली बसायची. जयंतीच्या मिरवणुकीचं निळं कापड आमच्या वस्तीत वर्षानुवर्षं मीच रंगवलं. पुढं फ्लेक्स आले, आणि मी रिटायर झालो. मग कोणी काही रंगवा म्हणेना. त्यामुळं हात कापायला लागला तेव्हा तो बघायला घरात बायको सोडून कोणी नव्हतं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते चहा पिताना. आमच्याकडं चहा बशीतच पितात. बायकोला तर त्याचा भारी शौक. ती सेलूची. सकाळी वट्ट्यावर बसून बशी दोन्ही हातांवर तोलायची, एक फुंकर मारायची आणि डोळे मिटून अशी फुर्र ओढायची की शेजारच्या घरात कळावं. मीही तसाच पिणारा. एका सकाळी बशी ओठाकडं नेली आणि चहा काठावरून लेंग्यावर आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी जाहीर करून टाकलं, "बशीत चहा लवकर गार होतो. मला आपला पेल्यात देत जा."

"बरं," ती म्हणाली. पुढं काही विचारलं नाही. पेला दोन्ही हातांनी धरता येतो, थंडीच्या दिवसांत तर कोणाला शंकाही येत नाही. काही दिवसांनी तीही पेल्यातच प्यायला लागली. "एकीसाठी बशी कुठं घासत बसू," म्हणाली, आणि बशा मांडणीवर वरच्या फळीला गेल्या. मला बरंच वाटलं. गनिमी कावा जमला म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

लपवायचं कारण विचाराल तर भीती. दुसरं काही नाही. आमच्या गावाकडं माझ्या एका चुलत्याचे हात कापायचे. पंगतीत सगळे भाऊ वाढायला उठायचे, हा माणूस उठला की बाया म्हणायच्या, तुमी बसा, तुमी बसा. प्रेमानंच म्हणायच्या. पण वरणाची बादली त्याच्या हातात कोणी दिली नाही. तो कोपऱ्यात मांडी घालून बसायचा आणि हात मांडीखाली दाबून धरायचा. मला तसं बसायचं नव्हतं.

आता छंदाचं सांगतो. हातात ब्रश राहिला नाही म्हणून मी कॅमेरा घेतला. त्याच्यासोबत छोटी लेन्स आलेली, घरातल्या माणसांचे फोटो काढायला ठीक. झरीच्या पुढं रस्त्याच्या कडेला एक माळ आहे, तिथं हरणांचा कळप असतो. काळवीट, माद्या, पाडसं सगळं. हिवाळ्यात स्कूटर घेऊन सकाळी सकाळी तिथं जायचं, एवढाच माझा कार्यक्रम. माळाशेजारच्या शेतातला एक जण मला बघून रोज ओरडायचा, "गुरुजी, फोटू काय काढायलात, घरी घेऊन जावा सगळी! हरभरा ठिवना गेलेत." त्याचं बरोबरच होतं. पण त्याच्या हरभऱ्यात शिरणारी हरणं माझी चाहूल लागली की पार पलीकडच्या शिवारात. फोटो घरी आणून बायकोला दाखवला की ती चष्मा नाकावर खाली ओढायची आणि विचारायची, "यातलं हरीण कोणतं?"

"हे."

"ही तर मला ढेकळं वाटायलीत."

असा अपमान माणूस किती दिवस सहन करणार? लांबचं जवळ आणणारी लेन्स घ्यायचीच, असं मी ठरवलं.

ठरवल्यावर जे होतं तेच झालं. जो तो शहाणपण शिकवायला लागला. मोबाइलवर एकेक महाभाग बर्फात उभे राहून सांगायचे की अमुक लेन्सशिवाय जंगलात पाऊल टाकू नका. त्या अमुक लेन्सच्या किमतीत माझ्या दारात चारचाकी उभी राहिली असती. अरे बाबा, मी पेन्शनीत, माझं जंगल म्हणजे झरीचा माळ, तिथं बर्फ कधी पडायचा? पण त्या बडबडीतून एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसली. लेन्स जेवढी लांबचं दाखवते, तेवढाच हाताचा कंपही मोठा करून दाखवते. हे ऐकलं तेव्हा मी खुर्चीत होतो, आणि माझा हात मांडीखाली होता. तो कधी तिथं गेला हे मला कळलं नव्हतं.

परभणीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, वाढदिवस, गावोगावच्या क्रिकेटच्या स्पर्धा असं सगळं करतो. जुन्या लेन्सही विकतो. आता त्याची पोरं कॉलेजात आहेत, तरी मी दिसलो की उठून उभा राहतो. त्यानं माझ्यासमोर काचेवर तीन लेन्स मांडल्या.

पहिली सत्तर-तीनशे मिलिमीटरची (आकडा जेवढा मोठा, तेवढं लांबचं जवळ), जुनी, हलकी, सगळ्यात स्वस्त. "पण सर, हिच्यात स्टॅबिलायझर न्हाई. म्हणजे हात हालला की फोटो हालला." दुसरी तेवढीच, पण तिच्यात ती सोय होती. तिसरी होती दीडशे-सहाशे. हातभर लांब, उचलली तर दोन किलोंच्या पुढं. त्यानं स्वतः वापरलेली, रंग ठिकठिकाणी उडालेला, तिच्यातही ती सोय होती. नवी घेणं मला सात जन्मांत जमलं नसतं, पण ही जुनी म्हणून आवाक्यात येत होती.

"सर, माझं ऐकता का? दुसरी घ्या. हलकी हाय, तुमाला झेपल."

मला न झेपायला काय झालं, असं एकदम ओठावर आलं. मी म्हणालो, "तीनशेनं हरीण केवढं दिसेल?"

"जवळ गेलात तर मोठं दिसल."

"जवळ जाता आलं असतं तर तुझ्याकडं आलो असतो का?"

तो हसला. तेवढ्यात हॉटेलातला चहा आला. कप, आणि खाली बशी. मी हात खिशात घातले आणि म्हणालो, "मी चहा सोडलाय."

"तुमी? सर, तुमी तर मधल्या सुट्टीत दोन दोन कप प्यायचे."

"म्हणूनच सोडला." विषय तिथंच तोडला. चहाचा वास नाकात शिरत होता आणि मी लेन्सची टोपी उघडत होतो, लावत होतो.

तो मोठ्या मनाचा. म्हणाला, "तिसरी घेऊन जावा, वापरून बघा. जमली तर ठिवा, न्हाई तर वापस आणा. पैशाचं नंतर बघू." आमच्याकडं ओळखीत असाच सौदा होतो. वस्तू आधी घरी जाते. मी ती लेन्स बाळासारखी छातीशी धरून घरी आणली. बायकोनं विचारलं, "ही तोफ कुणावर डागायची?"

दुसऱ्या सकाळी माळावर गेलो. हरणं लांब होती, पण लेन्समधून बघितलं आणि मी चाटच पडलो. काळविटाच्या शिंगांचे पीळ दिसत होते, डोळ्याभोवतीचा पांढरा गोल दिसत होता. असं हरीण मी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. फक्त ते एका जागी ठरत नव्हतं. हरीण शांत उभं होतं आणि चौकटीत मात्र नुसतं नाचत होतं. फोटो काढत गेलो. घरी येऊन मोठे करून बघितले, तर सगळे पुसट. एकही धड नाही. मी स्वतःला समजावलं की हरणं हलली असतील, उजेड कमी असेल, गवतावर वारं होतं.

त्याच आठवड्यात चारठाण्याला नात्यातलं लग्न निघालं. लेन्स पिशवीत घातली. लग्न लागलं, जेवणं झाली, बायको पाहुण्यांत रमली आणि मी हळूच जुन्या देवळाकडं सटकलो. तिथल्या एका खांबावर बाईची मूर्ती कोरलेली आहे. लांब उभा राहिलो, ऊन लख्ख होतं, वारं पडलेलं. श्वास धरून फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तर त्या बाईला दोन नाकं.

हरीण हललं असं म्हणता येतं. दगडाचा खांब हलला असं म्हणता येत नाही. मी देवळाच्या पायरीवर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या हाताचा मनापासून राग आला. याच हातानं मी गोल काढायचो. ब्रश गेला तेव्हा काही वाटलं नव्हतं, कारण कॅमेरा होता. आता कॅमेराही गेला तर सकाळी उठून करायचं काय? पेपर वाचायचा आणि मांडीखाली हात घेऊन बसायचं? खरं सांगतो, मला रडू आलं. लग्नाचा बँड वाजत होता, त्यामुळं बरं झालं.

परत येताना एसटीत बायको म्हणाली, "तोंड का उतरलं?"

"भजी बाधली."

"हं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

लेन्स वापस करायला स्टुडिओत गेलो. जमत नाही म्हणालो. का जमत नाही ते सांगितलं नाही, फोटो पुसट येतात एवढंच बोललो. त्यानं लेन्स हातात घेतली, उलटी केली आणि कपाळावर हात मारला. लेन्सच्या बाजूला काळी चिकटपट्टी होती. मला वाटलं होतं रंग उडाला म्हणून लावली असेल. त्यानं ती नखानं ओढून काढली तर खाली एक बारीक बटन.

"सर, माफ करा. क्रिकेटला ही तिवईवर लावून ठिवतो, तवा स्टॅबिलायझर बंद ठिवावं लागतं. धक्का लागून चालू होऊ नये म्हणून पट्टी मारली, आन् तुमाला द्यायच्या टायमाला काढायची राहिली."

म्हणजे जी सोय आहे म्हणून मी एवढं जड धूड आणलं, ती सोय पट्टीखाली झोपलेली. दुसरा कोणी असता तर मी त्याचा कान पिरगाळला असता. तो समोर उभा होता, डोक्याचे केस पिकायला लागलेले, म्हणून सोडला.

बटन चालू करून रस्त्यापलीकडच्या पाटीचा फोटो काढला. पुष्कळ फरक होता. अक्षरं वाचता येत होती. तरी कडा पूर्ण धरलेल्या नव्हत्या. त्यानं तीच लेन्स हातात घेऊन तोच फोटो काढला, तो कडक आला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग लेन्सकडं बघितलं, आणि म्हणाला, "जड हाय ना सर. टेकू लावून बघा एकदा. ठिवा अजून, गडबड न्हाई."

त्याला कळलं होतं का? मला माहीत नाही. पण त्यानं पुन्हा चहा मागवला नाही.

घरी आलो. लेन्स कॉटवर ठेवली. बायकोला म्हणालो, जड वस्तू आहे, टेकू लागतो म्हणे. तिवई घ्यावी तर ती उभी करेपर्यंत हरणं पसार. दुपारी मशीनची खडखड ऐकू आली. बाहेर येऊन बघतो तर जुन्या जीन पॅन्टचा पाय कापून तिनं उशीएवढी पिशवी शिवलेली, आणि डब्यातली ज्वारी ओंजळीनं तिच्यात भरायलेली.

"हे काय?"

"टेकू. दगडावर ठिवा, वर तुमची तोफ ठिवा. ज्वारी कशीबी दबती, बसती बरोबर." मग तोंड शिवता शिवता म्हणाली, "उद्या मीबी येते. बघू तर तुमचं हरीण."

इतक्या दिवसांत ती कधी माळावर आली नव्हती. थंडीत कोण मरतं म्हणायची.

सकाळी स्कूटरवर ती मागं, मांडीवर ज्वारीची पिशवी, खांद्याला झोळी, झोळीत थर्मास. माळाच्या कडेला बाभळीखाली स्कूटर लावली. दोघं पुढं गेलो तर हरणं बुजतील, म्हणून ती तिथंच थांबली. मी पिशवी आणि लेन्स घेऊन बांधाबांधानं बराच पुढं गेलो. एक चांगला बसका दगड बघितला, त्यावर पिशवी ठेवली, मधे दाबून खळगा केला, लेन्स बसवली आणि मागं मांडी घातली.

चौकट थांबली. म्हणजे हात कापत होता, मला जाणवत होतं, पण ज्वारी त्याचं ऐकत नव्हती. काळवीट गवतातून वर आलं, मान वळवली, माझ्याकडंच बघितलं. मी बोट दाबलं. पडद्यावर बघितलं तर शिंगांचा एकेक पीळ मोजून घ्यावा. ओरडावंसं वाटलं, पण ओरडलो नाही. मन भरेपर्यंत काढले. मग कुठूनसं कुत्रं आलं, कळप उधळला आणि माळ रिकामा झाला.

बायकोला खूण करावी म्हणून मागं वळलो. हात हलवला, पण तिचं लक्ष नव्हतं. एवढ्या लांबून ती बाभळीखाली नुसती हिरवा ठिपका दिसत होती. मला गंमत सुचली. पिशवी दगडाच्या दुसऱ्या अंगाला ठेवली, लेन्स तिच्याकडं वळवली आणि सहाशेवर नेली.

ती एकदम समोर आली. झोळीत हात घालत होती. आधी थर्मास काढला. मग दस्तीत, म्हणजे हातरुमालात, गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि सावकाश उलगडलं. बशी होती. आमचीच, निळ्या काठाची, वरच्या फळीवरची. तिनं एकदा मी गेलो त्या दिशेला बघितलं, मी लांब आहे याची खात्री करून घेतली. मग बशीत चहा ओतला, ती दोन्ही हातांवर तोलली, एक फुंकर मारली आणि डोळे मिटले. आवाज माझ्यापर्यंत येणं शक्य नव्हतं. तरी मला ती फुर्र ऐकू आली.

मला आधी काही कळेचना. मग सगळंच कळलं. एकीसाठी बशी कुठं घासत बसू, हे ती म्हणाली होती तेव्हा मी खूश झालो होतो. माझ्यासमोर बशी आली की माझा हात मला आठवेल, म्हणून या बाईनं तिचा सगळ्यात आवडता बशीतला चहा सोडला होता. आणि आता माझ्यापासून लपून, कडाक्याच्या थंडीत, बाभळीखाली बसून पीत होती. मी गनिमी कावा म्हणत होतो. मला स्वतःची लाज वाटली आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की डोळ्यासमोरची चौकट धूसर झाली. यावेळी हातामुळं नाही. फोटो मी काढला नाही.

मी सामान उचललं आणि निघालो. मला येताना बघून तिनं बशी झटकन पदराखाली घेतली.

"मिळालं का हरीण?"

"मिळालं. बशीबी दिसली."

"कोणती बशी?"

"पदराखालची."

"एवढ्या लांबून?"

"मग लेन्स कशाला घ्यायलोय मी?"

ती हसली नाही. मी तिच्याजवळ खाली बसलो. उजवा हात मांडीखाली जायला निघाला होता, त्याला तसाच गुडघ्यावर ठेवला, उघडा. तो कापत होता. आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत होतो.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"डब्यावर हळद लिवली होती ना तुमी, दिवाळीच्या आधी? ती बघितली तवाच."

मला आठवलं. मसाल्याच्या डब्यांवर तिनं माझ्याकडून नावं घालून घेतली होती. हळदीचा ह वाकडातिकडा आला, तेव्हा मी ब्रशला शिव्या दिल्या होत्या आणि ती म्हणाली होती, खराब झाला असल ब्रश.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी सांगताल म्हणून थांबले होते." तिनं दस्तीची घडी घातली. "रोज सकाळी वाटायचं, आज सांगतेत."

पलीकडच्या शेतातला तो माणूस हरभऱ्याला पाणी देत होता. त्यानं लांबून हात केला, आम्हीही केला.

"डॉक्टरला दाखवायचं," ती म्हणाली. "उद्याच. ते हरणं काय पळून जात न्हाईत."

"हरणं पळूनच जातात."

"मग जाऊ द्या. परत येतेत."

"दाखवू," मी म्हणालो. "आणि ही लेन्स ठेवून घेऊ. तुझी ज्वारी असली की जमतं."

तिनं मान हलवली आणि थर्मासचं झाकण माझ्यासाठी पुढं केलं.

"झाकणात नको. बशीत दे."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पदराखालून बशी काढली, अर्ध्याहूनही कमी भरली आणि माझ्या हातावर ठेवली. ओठांपर्यंत येईतो निम्मा चहा सांडला. राहिलेला मी ओढला, फुर्र करून. तिनं दस्तीनं माझा गुडघा पुसला आणि बशी परत भरली.